वाचकांचे प्रश्न : चार्ट कमांड काढते, सबग्रुप कोण पाडणार?

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयावरचे होते, कंट्रोल चार्ट (प्रोसेस ताब्यात आहे का ते दाखवणारा, मधली रेष आणि वर-खाली लिमिटच्या रेषा असलेला आलेख) आणि तो सॉफ्टवेअरमध्ये कमांड देऊन कसा काढायचा. प्रश्न आले रबाळे, पावणे, ऐरोली, वागळे इस्टेट अशा आपल्याच पट्ट्यातून, त्यामुळे वाचताना प्रत्येक शॉप डोळ्यासमोर येत होतं. त्यातले पाच घेतलेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, मासिकात कमांड देवनागरीत छापल्यात पण मशीनवर त्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाका, आणि कॅपिटल-स्मॉल मी सांगते तसंच ठेवा कारण आर या सॉफ्टवेअरला कॅपिटल आणि स्मॉल अक्षर ही दोन वेगळी नावं वाटतात, निम्मे एरर तिथूनच येतात.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी रबाळे एमआयडीसीत एका टर्निंग शॉपला क्वालिटीत आहे. आम्ही बुश बनवतो, ओडी (बाहेरचा व्यास) २५ मिमी प्लस मायनस ०.०१५. कस्टमरने एक्सबार-आर चार्ट (एका वेळी उचललेल्या पीसच्या गटाची, म्हणजे सबग्रुपची, सरासरी एका चार्टवर आणि रेंज, म्हणजे मोठ्यातून लहान वजा, दुसऱ्यावर) मागितला, मिनिटॅब या विकतच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सला मालकांनी नाही म्हटलं म्हणून फुकटचं आर शिकलो. चार्ट निघाला, सगळे पॉइंट मधल्या रेषेच्या आसपास, एकही बाहेर नाही. पण कस्टमरचा माणूस म्हणाला की एवढा चांगला चार्ट मला पटत नाही. माल दोन सीएनसी मशीनवर चालतो, दर तासाला पाच पीस उचलतो. काय चुकलं असेल? शीट सोबत पाठवतोय.

कस्टमरचा माणूस बरोबर बोललाय आणि त्याने नुसती सही करून चार्ट फाइलला लावला नाही याचं मला खरंच बरं वाटलं.

तुमच्या कमांड मी तपासल्या, त्यात काहीच चूक नाहीये. तुम्ही हे दिलंत :

लायब्ररी(क्यूसीसी)
डेटा <- रीड.सीएसव्ही("बुश.सीएसव्ही")
गट <- क्यूसीसी.ग्रुप्स(डेटा$ओडी, डेटा$सॅम्पल)
क्यूसीसी(गट, टाइप = "आर")
क्यूसीसी(गट, टाइप = "एक्सबार")

टाइपमधला आर कॅपिटल, एक्सबार सगळा स्मॉल, तेही बरोबर. (ज्यांनी क्यूसीसी हे आरमधलं चार्टचं पॅकेज अजून घेतलं नाही त्यांनी एकदाच इन्स्टॉल.पॅकेजेस("क्यूसीसी") द्यायचं, त्या वेळी नेट चालू पाहिजे.) आधी आर चार्ट आणि मग एक्सबार हा क्रमही तुम्ही पाळलात, बरेच जण उलटं करतात, पण रेंजच ताब्यात नसेल तर तिच्यावरून काढलेल्या एक्सबारच्या लिमिटला काही अर्थ राहत नाही.

आता तुमच्या शीटवरचा एक सबग्रुप बघा : २५.००६, २५.००२, २५.००५, २४.९९३, २४.९९१. रेंज आली ०.०१५. पण तुम्ही मशीन नंबरचा कॉलम ठेवलाय (हा कॉलम ठेवलात म्हणून तर सगळं सापडलं), त्यात पहिले तीन पीस एक नंबर मशीनचे आणि शेवटचे दोन पीस दोन नंबर मशीनचे आहेत. एक नंबरच्या तीन पीसमधला फरक फक्त ०.००४, दोन नंबरच्या दोघांत ०.००२. मग ०.०१५ आली कुठून, तर दोन मशीनच्या सेटिंगमध्ये जे १२ मायक्रॉनचं (०.०१२ मिमी) अंतर आहे तेच तुम्ही दर तासाला एका पाकिटात घालताय आणि सॉफ्टवेअरला सांगताय की हा आमचा नेहमीचा, नैसर्गिक फरक आहे. ते तुमच्यावर विश्वास ठेवतं. रेंजची सरासरी ०.०१६ येते, पाचच्या सबग्रुपला तक्त्यातला ए-टू हा गुणक ०.५७७, म्हणजे लिमिट मधल्या रेषेपासून प्लस मायनस ०.००९ वर जाऊन बसतात. पण दर तासाला तीन पीस इकडचे आणि दोन तिकडचे हे प्रमाण तेच राहतं त्यामुळे सरासरी जागची फारशी हलतच नाही, आणि पॉइंट मधल्या रेषेला चिकटून बसतात.

तुमच्याच रिपोर्टमध्ये याची अजून एक खूण होती. एवढा शांत चार्ट आणि सीपीके (पीस ड्रॉइंगच्या मर्यादेत किती सहज बसतात त्याचा आकडा, मोठा तितका चांगला) मात्र ०.६९. ही दोन उत्तरं एकाच कागदावर आली की पेन खाली ठेवायचं आणि पीस कुठून कसे उचलले ते विचारायला शॉपफ्लोरवर जायचं.

दोन मशीन वेगळ्या करायच्या, कमांड एवढीच :

एक <- डेटा[डेटा$मशीन == 1, ]
दोन <- डेटा[डेटा$मशीन == 2, ]

बरोबरचं चिन्ह दोनदा, आणि स्वल्पविरामानंतर रिकामी जागा सोडायची, त्याचा अर्थ सगळे कॉलम घे. जुन्या डेटात मशीनप्रमाणे तीन आणि दोनचेच सबग्रुप पडतील, ते बघण्यापुरते ठीक आहेत. पुढच्या आठवड्यापासून मात्र प्रत्येक मशीनवरून एकामागोमाग एक निघालेले पाच पीस घ्या, ट्रेमधून वेचून नको, सलगच. ऑपरेटर ट्रेमधून वेचतो तेव्हा त्याच्याही नकळत चकचकीत पीस उचलतो, आणि सलग पाच घेतले की त्या पाच मिनिटांत मशीनच्या अंगात जेवढा फरक आहे तेवढाच रेंजमध्ये येतो. आपल्याला तोच हवाय.

तुमच्या शीटवरून मी एक नंबरचा अंदाज काढला : सरासरी २५.००४, आतली रेंज साधारण ०.००६. म्हणजे एक्सबारच्या लिमिट २५.०००५ ते २५.००७५, आणि रेंजची वरची लिमिट २.११४ (तक्त्यातला डी-फोर) गुणिले ०.००६ म्हणजे ०.०१३ च्या जरा आत. सिग्मा (आकडे किती पसरलेत त्याचं माप) काढायला रेंजला २.३२६ ने भागा, ०.००२६ येतो, त्यावरून सीपीके १.४२. ही मशीन चांगली आहे. दोन नंबरची आतली रेंज तेवढीच आहे पण सरासरी २४.९९२, खालच्या टॉलरन्सपासून फक्त ७ मायक्रॉन, सीपीके ०.९०. तिच्यात बिघाड काहीही नाही, सेटरला सांगून ऑफसेट (मशीनमधली टूलची सेटिंग) ८ मायक्रॉनने वर घ्या, बस. हे तुम्हाला महिनाभर दिसत नव्हतं कारण दोन्ही मशीन एका पाकिटात होत्या.

तुम्ही एक्सबार चार्टवर हाताने २५.०१५ आणि २४.९८५ च्या लाल रेषा पण मारल्यात. त्या काढून टाका, प्लीज. ड्रॉइंगची टॉलरन्स एकेका पीसला असते आणि एक्सबारचा पॉइंट पाच पीसची सरासरी असते. समजा पाच पीस आले २५.०१८, २५.०००, २५.००२, २४.९९९, २५.००१. सरासरी बरोबर २५.००४, पॉइंट अगदी मधोमध बसणार, आणि त्यातला पहिला पीस चक्क रिजेक्ट आहे. त्याला पकडतो आर चार्ट, कारण रेंज ०.०१९ झाली. टॉलरन्सचं काम कॅपेबिलिटीच्या वेगळ्या कमांडमध्ये करा, प्रोसेस.कॅपेबिलिटी, त्यात आधी काढलेला एक्सबारचा ऑब्जेक्ट आणि स्पेक.लिमिट्स = सी(24.985, 25.015) द्यायचं.

आणि मोजण्याबद्दल. कूलंटमधून काढलेला गरम पीस लगेच मायक्रोमीटरला लावू नका. २५ मिमीचा स्टीलचा पीस १० डिग्रीने गरम असला तर जवळपास ३ मायक्रॉन मोठा भरतो, आणि तुमच्या एक्सबारच्या लिमिटची अर्धी रुंदी आहे साडेतीन मायक्रॉन. वागळे इस्टेटला मी पहिली नोकरी केली तिथे आम्ही हा चार्ट ग्राफ पेपरवर पेन्सिलने भरायचो, दुपारच्या पाळीत पॉइंट वर चढायचे आणि ऑपरेटरला रोज बोलणी बसायची, त्याचा काही दोष नसताना, पीस पुसून दहा मिनिटं सरफेस प्लेटवर ठेवायची पद्धत लावली आणि चढ गेला. त्या माणसाला आम्ही उगाच बोललो हे मला अजून लागतं.

प्रश्न : ताई, मी पावण्याला एका रेझिन बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये आहे. प्रत्येक बॅचचं सॉलिड्स टक्के (सुकवल्यावर उरणारा घन भाग) काढतो, एका बॅचच्या तीन डिश ओव्हनमध्ये ठेवतो. सिनिअरनी सांगितलं की तीन रीडिंगचा सबग्रुप धर आणि एक्सबार-आर काढ. काढला तर १० पैकी ८ बॅच लिमिटच्या बाहेर! प्लांटवाले म्हणतात बॅच सगळ्या ओके आहेत, लॅबच चुकतेय. नक्की कोणाचं चुकतंय?

प्लांटचं चुकत नाही आणि तुमच्या हाताचंही नाही. वर रबाळ्याच्या दादांचं जे झालं त्याच्या बरोबर उलटं तुमचं झालंय, म्हणून दोन्ही प्रश्न मुद्दाम लागोपाठ घेतले.

तीन डिश म्हणजे एकाच डब्यातलं एकच रेझिन तीनदा मोजलं. त्या तिघांतला फरक हा मोजण्याचा फरक, वजनकाट्याचा, ओव्हनचा, हाताचा. तुमच्या नोंदीत तो सरासरी ०.१ आहे, म्हणजे तुम्ही काम अतिशय नीट करता. पण सॉफ्टवेअरने त्या ०.१ ला प्रोसेसचा नैसर्गिक फरक समजून तीनच्या सबग्रुपचा ए-टू, १.०२३ हा आकडा लावला आणि लिमिट दिल्या ४८.४५ च्या दोन्ही बाजूला जेमतेम ०.१०. एका बॅचपासून दुसऱ्या बॅचमध्ये कच्चा माल बदलतो, रिअॅक्टरचं तापमान थोडं इकडे तिकडे होतं, पाळी बदलते, त्यातलं काहीच या लिमिटमध्ये धरलेलं नाही. मग बॅच बाहेर पडणारच.

बॅच प्रोसेसला प्रत्येक बॅचचा एकच आकडा धरायचा, तीन डिशची सरासरी, आणि इंडिव्हिज्युअल-मूव्हिंग रेंज चार्ट काढायचा, आय-एमआर म्हणतात तो. तुमच्या १० बॅच : ४८.२, ४८.९, ४८.५, ४७.८, ४८.४, ४९.०, ४८.६, ४८.१, ४८.७, ४८.३. सरासरी ४८.४५. आता शेजारशेजारच्या दोन बॅचमधला फरक काढा, चिन्ह सोडून : ०.७, ०.४, ०.७, ०.६, ०.६, ०.४, ०.५, ०.६, ०.४. नऊ फरकांची बेरीज ४.९, सरासरी ०.५४४. त्याला २.६६ ने गुणा, १.४५ आले. लिमिट ४७.० ते ४९.९. सगळ्या दहा बॅच आत आहेत. मूव्हिंग रेंजची वरची लिमिट ३.२६७ गुणिले ०.५४४, म्हणजे १.७८, तीही कुणी ओलांडत नाही. दहा बॅच तशा कमी आहेत, वीस-पंचवीस झाल्या की लिमिट परत काढा आणि मगच पक्क्या धरा.

कमांड अशी :

क्यूसीसी(सॉलिड्स, टाइप = "एक्सबार.वन")

मूव्हिंग रेंजचा चार्ट या पॅकेजमध्ये तयार मिळत नाही, पण सोपी युक्ती आहे, प्रत्येक बॅच आणि तिच्या पुढची बॅच अशा जोड्या लावून त्यांचा आर चार्ट काढायचा :

एन <- लेंग्थ(सॉलिड्स)
जोडी <- सीबाइंड(सॉलिड्स[-एन], सॉलिड्स[-1])
क्यूसीसी(जोडी, टाइप = "आर")

मिनिटॅब असेल तर मेनूत स्टॅट, कंट्रोल चार्ट्स, व्हेरिएबल्स चार्ट्स फॉर इंडिव्हिज्युअल्स, आय-एमआर, दोन्ही चार्ट एकाखाली एक येतात.

बॅच ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने डेटा पाहिजे हे मात्र सांभाळा. एक्सेलमध्ये कुणीतरी लहान-मोठं असं सॉर्ट करून सेव्ह केलं की शेजारचे फरक एकदम लहान होतात आणि लिमिट परत आवळतात, सॉफ्टवेअर एका शब्दाने सांगत नाही.

तुमच्या सिनिअरना एक्सेलवाली दुसरी पद्धत पण माहीत असेल, सगळ्या रीडिंगचं एसटीडीईव्ही (स्टँडर्ड डेव्हिएशन) घ्यायचं, तिप्पट करायचं आणि रेषा मारायच्या. ती वापरू नका. महिन्याच्या मध्ये प्रोसेस सरकली असेल तर ते सरकणंसुद्धा त्या एसटीडीईव्हीत मिसळतं, लिमिट सैल होतात, आणि जे पकडायला चार्ट काढला तेच लपतं. शेजारच्या बॅचमधला फरक घ्यायचा तो याचसाठी.

आणि तीन डिश बंद करू नका हं. त्यांचा आर चार्ट वेगळा चालू ठेवा, तो तुमच्या लॅबचा चार्ट. ज्या दिवशी ओव्हनचा थर्मोस्टॅट बिघडेल किंवा काटा हलेल त्या दिवशी आधी तो बोलेल, आणि प्लांटवाले परत लॅबकडे बोट दाखवतील तेव्हा दाखवायला तुमच्या हातात कागद असेल.

प्रश्न : मॅडम मी ऐरोलीला राहते, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी एका कंपनीचे ३० सबग्रुप घेतले. एक्सबारमध्ये ४ पॉइंट बाहेर आले. गाइड म्हणाले ते चार काढ आणि परत रन कर, परत २ बाहेर आले, तेही काढले, परत १. आता सगळे आत आहेत. हे बरोबर आहे का? मला नीट वाटत नाहीये.

तुला नीट वाटत नाहीये ना, मग त्या वाटण्याला धरून राहा.

बाहेर पडलेला पॉइंट म्हणजे मशीन तुला काहीतरी सांगतंय. तू आधी त्याची तारीख, वेळ, पाळी बघायची, कंपनीत जाऊन विचारायचं की त्या वेळी काय झालं होतं. इन्सर्ट (टूलचा कापणारा तुकडा) बदलला, नवीन बॅचचा बार लावला, लाइट जाऊन आली, नवा मुलगा मशीनवर होता, असं ठोस काही सापडलं आणि ते परत होऊ नये म्हणून काहीतरी केलं, तरच तो सबग्रुप लिमिटच्या हिशेबातून काढायचा, आणि काढला हे रिपोर्टमध्ये कारणासकट लिहायचं. कारण नाही सापडलं तर पॉइंट राहू दे. थ्री सिग्माच्या, म्हणजे मधल्या रेषेपासून तीन सिग्मावरच्या, लिमिटला प्रोसेस एकदम व्यवस्थित असतानाही साधारण ३७० पॉइंटमागे एखादा बाहेर जातोच, पण ३० मध्ये ४ हे तसलं नशीब नाही, तिथे काहीतरी खरंच घडलंय आणि तुझ्या प्रोजेक्टचा सगळ्यात चांगला भाग त्या चार पॉइंटमध्ये आहे. सात सबग्रुप उडवून जो स्वच्छ चार्ट उरला तो त्या कंपनीचा राहिला नाही.

गाइडना हे सांगताना वाद घालू नकोस, चार पॉइंटचा तपास करून कागद समोर ठेव, ऐकतील.

दुसरं, लिमिट एकदा ठरल्या की त्या गोठवायच्या आणि नवीन डेटा त्यावर टाकायचा, दर महिन्याला नव्याने लिमिट काढायच्या नाहीत. नाहीतर प्रोसेस हळूहळू सरकते आणि लिमिटही तिच्यामागे सरकत जातात. क्यूसीसीमध्ये याला न्यूडेटा हा पर्याय आहे. घरी सराव करायला पॅकेजमध्येच पिस्टन रिंगचा डेटा दिलाय, ४० सबग्रुप, प्रत्येकी ५, एकूण २०० रीडिंग :

डेटा(पिस्टनरिंग्ज)
गट <- क्यूसीसी.ग्रुप्स(पिस्टनरिंग्ज$डायमीटर, पिस्टनरिंग्ज$सॅम्पल)
क्यूसीसी(गट[1:25, ], टाइप = "एक्सबार", न्यूडेटा = गट[26:40, ])

पहिल्या २५ वरून लिमिट, पुढचे १५ नुसते तपासायला. चार्टवर मधे एक उभी तुटक रेष येते, तिच्या डावीकडे सगळं शांत आणि उजवीकडे शेवटी ३७, ३८, ३९ बाहेर गेलेले दिसतात. आता हेच चाळीसच्या चाळीस एकत्र देऊन चार्ट काढ आणि दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून लिमिटचे आकडे ताडून बघ, सांगून कळणार नाही ते तिथे कळेल.

लिमिटच्या आत राहूनही प्रोसेस सरकलेली असू शकते. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या १९५६ च्या नियमांत ओळीने ८ पॉइंट मधल्या रेषेच्या एकाच बाजूला आले तर थांबा असं दिलंय, तीनपैकी दोन पॉइंट एकाच बाजूला टू सिग्माच्या पलीकडे गेले तरी तसंच. तुझ्या ३० मध्ये हेही तपास.

इतिहासाचं पान लागेल तुला रिपोर्टला, तर हा चार्ट वॉल्टर शेवार्टनी १६ मे १९२४ ला आपल्या वरिष्ठांना पाठवलेल्या एका छोट्या टिपणात पहिल्यांदा काढून दाखवला, टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये. १९४७-४८ मध्ये ते प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या निमंत्रणावरून भारतातही आले होते, म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्या मिळाल्या आपल्या कारखान्यांसाठी हा विचार सुरू झाला होता. हे बऱ्याच रिपोर्टमध्ये नसतं, तू लिही.

प्रश्न : वागळे इस्टेटला आमचं कार्टन प्रिंटिंगचं युनिट आहे. लॉट कधी १०० चा, कधी १६०० चा. रिजेक्शनचा पी चार्ट (लॉटमधले किती टक्के रिजेक्ट ते दाखवणारा) काढला तर लिमिटच्या रेषा पायऱ्यांसारख्या वरखाली येतात. मुलगा म्हणतो सॉफ्टवेअर बिघडलंय. सरळ रेष कशी आणायची?

पायऱ्याच बरोबर आहेत काका, सरळ करू नका. १०० मधले ६ रिजेक्ट आणि १६०० मधले ९६ रिजेक्ट, टक्के दोन्हीकडे सहाच, पण लहान लॉटमध्ये ६ टक्के योगायोगानेही येऊ शकतात, मोठ्यात नाही. तुमचं सरासरी रिजेक्शन ३ टक्के धरलं तर १०० च्या लॉटला वरची लिमिट ८.१ टक्के येते, ४०० ला ५.६, आणि १६०० ला ४.३. म्हणून १०० च्या लॉटला ऑपरेटरला काही बोलायचं नाही आणि १६०० च्या लॉटला मशीन थांबवून बघायचं. खालची लिमिट लहान लॉटला शून्याच्या खाली जाते, तिथे शून्य धरतात.

क्यूसीसी(रिजेक्ट, साइझेस = लॉट, टाइप = "पी")

यात रिजेक्टमध्ये नग द्यायचे, टक्के नाही. मुलाने पाठवलेल्या फाइलमध्ये टक्के होते, तेवढं बदलायला सांगा. आणि सरासरी काढताना रोजच्या टक्क्यांची सरासरी घेऊ नका, एकूण रिजेक्ट भागिले एकूण नग, कमांड आपोआप तसंच करते पण एक्सेलवाले चुकतात.

जून ते सप्टेंबर मात्र वेगळं बघा. ठाण्याच्या पावसात बोर्ड ओल धरतो, पोक (बाक) येतो, रजिस्ट्रेशन (रंगांची जुळणी) हलतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बोर्ड कोणत्या गठ्ठ्यातला, किती दिवस गोडाऊनला होता, हा एक कॉलम शीटमध्ये वाढवा. जुलैमध्ये पॉइंट वर गेले की पाऊस म्हणून सोडून न देता तो कॉलम बघता येईल.

प्रश्न : महापे. आमच्याकडे मिनिटॅब आहे. दर महिन्याला १४ चार्ट मेनूतून क्लिक करून काढते, अर्धा दिवस जातो. कमांडने होईल का, आणि ऑडिटर चालवून घेतील का?

होईल. मिनिटॅबमध्ये प्रत्येक क्लिकमागे एक कमांड असते आणि ती हिस्टरीत लिहून येते. या महिन्याचे १४ चार्ट शेवटचे एकदा मेनूतून काढा, हिस्टरीतल्या त्या ओळी उचलून एका फाइलमध्ये सेव्ह करा, एक्सटेन्शन एमटीबी, पुढच्या महिन्यात नवा डेटा त्याच कॉलममध्ये भरायचा आणि फाइल रन करायची. विरामचिन्हं सांभाळा, पुढे सबकमांड असेल तर ओळीच्या शेवटी अर्धविराम आणि अगदी शेवटच्या सबकमांडनंतर पूर्णविरामाचा टिंब. टिंब राहिला की मिनिटॅब पुढच्या ओळीची वाट बघत बसतं आणि आपल्याला वाटतं हँग झालं.

गोठवलेल्या लिमिट असतील तर सरासरी आणि सिग्मा त्या फाइलमध्येच आकड्यांनी लिहा, आणि कधी, कोणत्या डेटावरून ठरवल्या ती तारीख वर कॉमेंटमध्ये टाका.

ऑडिटरचं म्हणाल तर माझ्या अनुभवात ते सॉफ्टवेअरच्या नावापेक्षा हा आकडा कसा आला हे जास्त विचारतात. १४ पैकी एक चार्ट हाताने, कॅल्क्युलेटर घेऊन, ए-टू आणि डी-फोरच्या तक्त्यावरून सोडवा आणि तो कागद सहीसकट फाइलला लावा, सॉफ्टवेअरचं उत्तर आणि हाताचं उत्तर शेजारी. हाताने सोडवायला चार्ट निवडताना सबग्रुप पाचचा असलेला घ्या, रेंजची खालची लिमिट तिथे शून्यच असते त्यामुळे गणित लहान होतं, अर्ध्या तासात उरकेल.